उत्तेजनाची नीती

नवोदित कथाकाराला दिला जाणारा सल्ला हा मराठी वाङ्मयविचाराने क्वचितच गंभीरपणे तपासलेला विषय आहे. तो दिला मात्र सर्वत्र जातो : तालुक्याच्या महाविद्यालयातील साहित्यमेळाव्यात, कथाशिबिरात, ग्रंथालयाच्या वार्षिकोत्सवात, पुरस्कारसमारंभातील अध्यक्षीय भाषणात, पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत. भरपूर वाचा, अनुभवाशी प्रामाणिक राहा, रोज लिहा, घाई करू नका, खचू नका : एवढ्या पाच आज्ञांत तो बहुधा आटोपतो. यांतील एकही आज्ञा चुकीची नाही, आणि कदाचित म्हणूनच तिच्याविषयी विचार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. परंतु सल्ला हे केवळ विधान नसते, ती कृती असते. जो सल्ला घेतो त्याच्या आयुष्याची काही वर्षे त्यावर खर्ची पडतात. जो देतो त्याची फार तर वीस मिनिटे जातात. ‘लिहीत राहा’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवून एखादा माणूस बढतीची परीक्षा टाळतो, शेताकडे पाठ फिरवतो, घरच्यांची बोलणी खातो. वीस मिनिटे आणि वीस वर्षे यांच्यातील या विषमतेतून जो प्रश्न उभा राहतो तो वाङ्मयीन असण्यापूर्वी नैतिक आहे : दुसऱ्याला लिहिण्यास प्रवृत्त करण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या मोबदल्यात?

‘उत्तेजन’ या शब्दाला मराठीत स्वतःचा इतिहास आहे. न्या. महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, तेव्हा मराठी ग्रंथनिर्मितीला उत्तेजन देणे हा त्यामागचा उघड हेतू होता. १८८५ मध्ये दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले आणि त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या सभांत व ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही त्यांच्यात आपण मिसळून उपयोग नाही, असा त्या पत्राचा आशय सर्वपरिचित आहे. एरवी हे पत्र सामाजिक संघर्षाचा दस्तऐवज म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. पण वाङ्मयीन उत्तेजनाविषयीचा एक मूलगामी प्रश्नही त्यात आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. उत्तेजन देणारा स्वतः काय सोडावयास तयार आहे, हा तो प्रश्न. काहीही न सोडता दिलेले उत्तेजन हे आपल्या मंडळाची सभासदसंख्या वाढविण्याचा प्रकार ठरते. फुल्यांना तो ओळखता आला, कारण दुसऱ्याने आखलेल्या वर्तुळात मानाची जागा मिळणे आणि आपले म्हणणे ऐकले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्यांना ठाऊक होते.

हा प्रश्न पुण्या-मुंबईतून पाहिला तर अमूर्त वाटतो. पूर्णेतून पाहिला तर तो तसा राहत नाही. परभणी आणि नांदेड यांच्या साधारण मध्यावर, पूर्णा नदीच्या काठी असलेले हे तालुक्याचे गाव. त्याला आकार दिला तो मुख्यतः रेल्वेने. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरून अकोल्याकडे जाणारा फाटा येथे फुटतो. निजामाच्या रेल्वेपासून चालत आलेल्या मीटरगेजच्या काळात इंजिनांची शेड, कर्मचाऱ्यांच्या वसाहती आणि पाळ्यांच्या हिशेबाने चालणारे दिवस व रात्री यांवर गावाचे जगणे उभे होते. मराठी, दखनी, तेलुगू, हिंदी अशा भाषा एकाच फलाटावर ऐकू येत. रेल्वे कामगारांत आंबेडकरी चळवळीची मुळे खोल गेली. १९९० च्या दशकात मुख्य मार्ग आणि त्यानंतर २००८ च्या सुमारास अकोल्याचा फाटा रुंद झाला, आणि मीटरगेजवर उभे राहिलेले ते जग ओसरले. एका तंत्राच्या जाण्याबरोबर एका वस्तीची दिनचर्या, तिची बोली आणि तिचा आत्मविश्वास कसा जातो, हा कोणत्याही कादंबरीकाराला खुणावणारा विषय आहे. कथात्म साहित्याला लागणारे द्रव्य अशा गावात तोटा पडू नये इतके असते. नसतो तो मोठा प्रकाशक, नसतो नियतकालिकाचा संपादक, नसतो हस्तलिखित वाचून त्यातले नेमके काय फसले आहे ते सांगू शकणारा माणूस. प्रवाशांच्या लेखी पूर्णा हे गाडी बदलण्याचे ठिकाण आहे. मराठी वाङ्मयीन संस्कृतीच्या लेखीही अशा गावांचे स्थान यापेक्षा फारसे वेगळे नाही. लेखक येथून निघतात, येथे पोहोचत नाहीत.

अशा गावात रात्रपाळी करणारा एखादा कर्मचारी, एखादी प्राथमिक शिक्षिका, खतांच्या दुकानात हिशेब लिहिणारा एखादा तरुण दोनशेपानी वहीत कादंबरी लिहू लागला तर त्याला काय सांगावे?

या प्रश्नाचे सर्वात प्रसिद्ध उत्तर जर्मन भाषेत आहे. लष्करी अकादमीत शिकणाऱ्या फ्रान्त्स काप्पुस या तरुणाने आपल्या कविता रिल्के यांच्याकडे पाठविल्या आणि १९०३ ते १९०८ या काळात रिल्के यांनी त्याला दहा पत्रे लिहिली. ती १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून जगभरच्या नवोदितांना ती वाचावयास सुचविली जातात. कवितांचे मूल्यमापन करण्याचे रिल्के यांनी आरंभीच नाकारले. बाहेर विचारू नकोस, रात्रीच्या निःशब्द घटकेला स्वतःला विचार की लिहिल्यावाचून जगता येणार नाही असे तुला वाटते काय, हा त्यांच्या सल्ल्याचा गाभा. त्यातील उदात्तता नाकारण्याचे कारण नाही. तथापि ही कसोटी कोणाला लावता येते, हे पाहिले पाहिजे. ज्याला स्वतःची निःशब्द रात्र उपलब्ध आहे त्याला. पाळीवरून पहाटे परतणाऱ्याला, किंवा रात्री दहाला भांडी आवरून सकाळी पाचला पाण्यासाठी उठणाऱ्या बाईला ‘लिहिल्यावाचून जगता येणार नाही काय’ असे विचारणे म्हणजे उत्तर आधीच ठरवून विचारणे आहे. ती जगतेच आहे. लिहिल्यावाचून जगता येते, हे तिने रोज सिद्ध केलेले असते. म्हणून तिच्यात लेखिका नाही असे ठरत नाही. अंतःप्रेरणेची कसोटी वरवर केवळ आत्मिक वाटते, प्रत्यक्षात ती फावल्या वेळाची कसोटी होऊन बसते.

रिल्के यांच्या पत्रांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होते. त्या पत्रांत काय लिहिले आहे यापेक्षा ती लिहिली गेली हे अधिक महत्त्वाचे असावे. स्वतःच्या प्रकृतीशी, पैशाशी आणि भटकंतीशी झगडणाऱ्या एका कवीने एका अपरिचित विद्यार्थ्यासाठी काही वर्षे आपला वेळ दिला. काप्पुस पुढे मोठा कवी झाला नाही; लष्करी नोकरी, पत्रकारिता आणि लोकप्रिय कादंबऱ्या असे त्याचे आयुष्य गेले. फलिताच्या हिशेबाने पाहिले तर हे उत्तेजन वाया गेले. नैतिक हिशेब मात्र फलितावर चालत नाही.

परभणी जिल्ह्यापुरता विचार करावयाचा तर हा प्रश्न बी. रघुनाथ यांच्यापाशी येऊन थांबतो. भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १९१३ चा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना या गावचा. हैदराबादेत मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, नंतर परिस्थितीमुळे ते थांबणे, मग निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी आणि परभणीतले वास्तव्य. दरबारची आणि कचेरीची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, मराठीची मोठी छापखानदारी संस्थानाच्या सीमेपलीकडे. या स्थितीत त्यांनी ‘हिरवे गुलाब’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या, कथासंग्रह दिले, ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह दिला. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करीत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. वय चाळीस.

या चरित्राचा उपयोग मराठवाड्यात दोन प्रकारे केला जातो. पहिला गौरवाचा : प्रतिकूलतेवर मात करून केलेली साधना. दुसरा उपदेशाचा, आणि तोच येथे विचारार्ह आहे. ‘बी. रघुनाथांनी कारकुनी करीत एवढे लिहिले, तुम्हाला काय अडचण आहे?’ असे जेव्हा नवोदिताला सांगितले जाते तेव्हा चरित्राचे रूपांतर चाबकात होते. कचेरीच्या मेजावर आलेला तो मृत्यू या उपदेशात एक तर गाळला जातो किंवा त्याला हौतात्म्याचा मुलामा दिला जातो. दोन्ही प्रकार अप्रामाणिक आहेत. बी. रघुनाथ यांनी कारकुनीमुळे लिहिले की कारकुनी असतानाही लिहिले, हा भेद साधा वाटतो. पण उपदेशक तो जाणूनबुजून पुसतो. प्राग येथील अपघातविमा संस्थेत १९०८ ते १९२२ नोकरी करणाऱ्या काफ्काचे नावही अशाच प्रकारे घेतले जाते. तोही चाळिशीतच गेला. हा योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. मात्र हालअपेष्टा सर्जनाला पोषक असतात असे म्हणणाऱ्याने या दोन माणसांच्या न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचा हिशेब कोठे मांडावयाचा हे सांगितले पाहिजे.

याचा अर्थ बी. रघुनाथ यांच्या उदाहरणातून नवोदिताला घेण्यासारखे काही नाही असा नव्हे. आहे, पण ते सहनशीलतेचे नव्हे, दृष्टीचे आहे. कचेरी हा त्यांनी लेखनातला अडथळा म्हणून केवळ सोसला नाही. मध्यमवर्गीय कारकुनाचे कुचंबलेले जगणे, युद्धकाळातली टंचाई, संस्थानी राजवटीतले दबलेपण हे त्यांच्या लेखनाचे आशयद्रव्य झाले. जिथे उभे आहोत तिथून दिसणारे जग हे दुय्यम जग आहे, खरे जग मुंबईत किंवा पुण्यात आहे, ही भावना त्यांच्या गद्यात आढळत नाही. प्रादेशिक लेखकाला लागणारे पहिले धैर्य हेच असावे. पण हे धैर्य कोणी कोणाला उपदेशाने देऊ शकत नाही. देता येते ते एवढेच की पूर्णेच्या फलाटावरचे संभाषण जसेच्या तसे लिहून आणणाऱ्याला ‘हे प्रमाण मराठीत आणा’ असे सांगण्यापूर्वी ते नीट वाचावे.

येथे वेळ आणि वाङ्मयप्रकार यांच्या संबंधाचा प्रश्न येतो, आणि तो व्यावहारिक वाटत असला तरी सैद्धांतिक आहे. याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईचे उदाहरण श्रम आणि सर्जन यांच्या एकरूपतेसाठी नेहमी दिले जाते. दळण-कांडण करता करता रचलेले अभंग, जात्यावरची ओवी. ते उदाहरण खरे आहे. त्याची व्याप्ती मात्र गीताची आहे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी जुळते, चार चरणांत ती पुरी होते, आणि पुढच्या फेऱ्याला मागची ओवी आठवावी लागत नाही. कादंबरीचे तसे नसते. चौथ्या प्रकरणातल्या पात्राने पहिल्या प्रकरणात काय दडवले हे लेखकाला महिनोन्‌महिने मनात धरून ठेवावे लागते. तिला लागतो तो केवळ अधिक वेळ नव्हे, अखंड वेळ. रोज अर्धा तास याप्रमाणे वर्षाचे एकशे ऐंशी तास आणि सुट्टी घेऊन मिळालेले सलग एकशे ऐंशी तास हे हिशेबात समान असले तरी कादंबरीकाराच्या दृष्टीने समान नाहीत. ‘रोज थोडे लिहा’ ही आज्ञा देणाऱ्याला हा भेद बहुधा ठाऊक नसतो, किंवा स्वतःच्या दीर्घ सुट्ट्यांमुळे तो त्याच्या लक्षात येत नाही.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ च्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ मध्ये हाच मुद्दा पैशाच्या भाषेत मांडला. स्त्रीला कथात्म साहित्य लिहावयाचे असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी. नवोदितांना दिलेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वात गद्य सल्ला आहे, आणि सर्वात सभ्यही. कारण तो घेणाऱ्याच्या स्वभावात खोट काढीत नाही, त्याच्या परिस्थितीत काढतो. त्याची मर्यादाही उघड आहे. ज्यांना ते पाचशे पौंड कधीच मिळणार नाहीत त्यांनी काय करावे, हे वुल्फ सांगत नाहीत.

या पार्श्वभूमीवर भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथेविषयी घेतलेली भूमिका पुन्हा तपासता येते. लघुकथा हा गौण प्रकार आहे, नियतकालिकांच्या मागणीने तो फोफावला आणि कादंबरीच्या विशाल आवाक्यापासून त्याने मराठी लेखकाला परावृत्त केले, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. दिवाळी अंकांच्या घाऊक कथानिर्मितीकडे पाहिले तर ही टीका खोडून काढणे कठीण जाते. परंतु वाङ्मयप्रकाराच्या निवडीमागे बाजार असतो तसाच दिनक्रमही असतो, ही बाजू तिच्यात पुरेशी येत नाही. तुटक वेळ असणाऱ्या माणसाचा प्रकार म्हणून कथेकडे पाहिले तर तिचे गौणत्व इतके निर्विवाद राहत नाही. येथे बी. रघुनाथ आड येतात, हे मान्य केले पाहिजे. कारकुनी करून त्यांनी कादंबऱ्याच लिहिल्या, आणि त्यांतील काहींच्या बांधणीत जो विस्कळीतपणा जाणवतो त्याला तुटक वेळ कारणीभूत होता की अन्य काही, हे ठरविणे सोपे नाही. आसाराम लोमटे यांचे उदाहरण तिसरीच शक्यता दाखविते. परभणीत राहून पत्रकारिता करणाऱ्या या लेखकाने ‘इडा पिडा टळो’ आणि ‘आलोक’ मध्ये कथा दीर्घत्वाकडे नेली. खेड्यातील सत्तासंबंध, शेतीची पडझड, जातीचे ताण यांना लागणारा अवकाश त्यांनी कथेच्या आतच निर्माण केला. ‘आलोक’ला २०१६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बातमीदाराच्या व्यवसायात वेळ तुटक असतो, पण पाहणे अखंड असते. त्या पाहण्याला पेलेल असा लांबीचा प्रकार त्यांनी शोधला, असे म्हणता येईल. आपल्या वेळाचा आकार कोणता आणि त्यात कोणता प्रकार मावतो, याचा शोध हा प्रतिभेच्या शोधाइतकाच लेखकाच्या साधनेचा भाग आहे. तो दुसऱ्याने लावून देता येत नाही; मात्र असा शोध घ्यावा लागतो एवढे नवोदिताच्या कानावर घालता येते. मेळाव्यांतून ते सांगितले जात नाही.

‘अनुभवाशी प्रामाणिक राहा’ ही दुसरी आज्ञा अधिक घातक आहे, कारण ती अधिक पवित्र मानली जाते. अनुभव कधी एकट्याचा नसतो. मुंबईतील लेखकाने शेजाऱ्याच्या घरातील कलह कथेत आणला तर ती कथा शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता थोडी. पूर्णेसारख्या गावात ती अंक पोस्टाने आल्याच्या दिवशीच पोहोचते. गावातील वाचक कथेला कथा म्हणून न वाचता ‘हा अमक्याचा थोरला’ म्हणून वाचतो. ही वाचनाची अपरिपक्वता आहे असे समीक्षेला म्हणता येईल. ज्याला त्या अमक्याच्या थोरल्याशी उद्या सकाळी तिकीटखिडकीपाशी बोलावयाचे आहे त्याला तसे म्हणून सुटता येत नाही. ‘निर्भय व्हा’ असे सांगणारा त्या खिडकीपाशी नसतो. दुसऱ्याच्या निर्भयतेचा आग्रह धरणे हे साहित्यव्यवहारातील फार स्वस्त शौर्य आहे.

तरीही मौनाचा सल्ला देता येत नाही. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहाने हे कायमचे दाखवून दिले आहे. बागूल यांनी रेल्वेत नोकरी केली होती; शीर्षककथेचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला, भाड्याच्या खोलीसाठी जात न सांगणारा तरुण आहे. ही कथा लिहिणे म्हणजे लपविण्यावर उभे असलेले स्वास्थ्य मोडणे होते, आणि त्याची किंमत प्रथम लिहिणाऱ्यालाच मोजावी लागणार होती. ज्या अनुभवाची किंमत लेखक स्वतः मोजतो आणि ज्याची किंमत त्याची बहीण, शेजारीण किंवा सहकारी मोजतो, त्या दोहोंना ‘प्रामाणिकपणा’ हा एकच शब्द लावता येणार नाही. बलवंताविषयी लिहिताना लागणारी निर्भयता आणि दुर्बलाविषयी लिहिताना लागणारा संकोच एकाच लेखकाच्या ठिकाणी असावे लागतात. हे दोन्ही एकत्र कसे नांदतात याचे सूत्र नाही. प्रत्येक कथेपुरता तो निर्णय नव्याने करावा लागतो, आणि तो चुकण्याची शक्यताही प्रत्येक वेळी असते.

राहिला शहरात जाण्याचा सल्ला. त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. काहींना जावे लागते, काहींना जाता येत नाही, आणि गेल्याने किंवा राहिल्याने गद्य सुधारते असा पुरावा नाही. नेमाडे यांनी ‘लेखकराव’ म्हणून ज्या प्राण्याचे वर्णन केले तो शहरात जसा आढळतो तसा तालुक्याच्या गावीही आढळतो. तेथे तो स्थानिक सत्कारांवर जगतो, एवढाच फरक. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरले तेव्हा मराठी साहित्याचे केंद्र काही दिवस या जिल्ह्यात आले होते. कामगारजीवनातून कविता घडविलेला कवी अध्यक्षस्थानी असण्याला या प्रदेशात निश्चित अर्थ होता. पण मांडव उतरल्यानंतर आसपासच्या गावांतील वह्यांना वाचक किती मिळाले, हा प्रश्न संमेलनाच्या स्वरूपातच बसत नाही. संमेलन श्रोते जमविते. नवोदिताला हवा असतो एक वाचक.

एका वाचकाचे मूल्य मराठीत ज्यांनी ओळखले त्यांत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे स्थान मोठे आहे. ‘सत्यकथा’कडे आलेल्या कथांवर या संपादकांनी सविस्तर पत्रे लिहिली, पुनर्लेखन मागितले, कथा परत पाठवितानाही ती का परत येते आहे हे कळविले. १९६० नंतरच्या लघुनियतकालिकांच्या चळवळीने या संपादनामागील अभिरुचीवर कठोर हल्ला केला, आणि त्यात तथ्य होते : संस्काराच्या नावाखाली एका विशिष्ट वर्गाची संवेदना प्रमाण मानली जात होती, आणि तिच्या बाहेरचा आवाज एक तर घासूनपुसून घेतला जाई किंवा दाराबाहेर राही. परंतु या हल्ल्यात एक गोष्ट विनाकारण गमावली गेली. अभिरुची नाकारताना वाचनाचे कष्टही नाकारले गेले. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाल्यानंतर मराठीत नियतकालिकांची वाण पडली नाही. नकारामागची कारणे सांगणारी पत्रे मात्र दुर्मीळ झाली. आज नवोदिताच्या वाट्याला एक तर मौन येते किंवा ‘छान जमले आहे’ हे दोन ओळींचे प्रशस्तिपत्र. या दोहोंत फरक वाटतो तितका नाही. दोन्हींचा अर्थ वाचले नाही असाच होतो.

कारणे सांगणारा नकार हे उत्तेजन आहे, कारण त्यामागे कोणीतरी पंचेचाळीस पाने वाचली आहेत, एकविसाव्या पानावर थांबली आहे, तेथे बाईचे बोलणे खरे आहे पण लेखकाचे भाष्य खोटे आहे असे नोंदविले आहे. त्या नोंदीत घेणाऱ्याला दुखावण्याची जोखीम आहे आणि देणाऱ्याच्या दोन संध्याकाळी आहेत. अशा वाचकाला ‘पुढे लिहा’ म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. आणि क्वचित ‘ही कादंबरी बाजूला ठेवा, मुलाच्या शाळेकडे पाहा, दोन वर्षांनी पुन्हा काढा’ असे म्हणण्याचाही. हा दुसरा सल्ला मराठीत कोणी देत नाही, कारण तो भाषणात शोभत नाही. पण लेखन हे माणसाच्या आयुष्यातील एकमेव कर्तव्य नसते, आणि तसे ते असावे असा आग्रह ज्यांच्या घरी दुसरे कोणी स्वयंपाक करते त्यांचाच बहुधा असतो. विद्यापीठीय मराठी विभागांनी या संदर्भात स्वतःकडे पाहण्यासारखे आहे. प्रकाशित पुस्तकांवर प्रबंध लिहिण्यात तेथे जेवढे मनुष्यबळ खर्च होते त्याचा दहावा हिस्सा जरी आसपासच्या तालुक्यांतील अप्रकाशित हस्तलिखिते वाचण्यात गेला, तरी पदव्युत्तर विद्यार्थ्याला समीक्षा ही कृती म्हणून काय असते ते कळेल. प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा दोष दाखविताना काहीच पणाला लागत नाही. समोर बसलेल्या, पाळी संपवून आलेल्या माणसाच्या वहीतला दोष दाखविताना प्रत्येक शब्द तोलावा लागतो.

काफ्काच्या मृत्यूनंतर त्याची हस्तलिखिते माक्स ब्रोट याने जुळवली, मित्राची आज्ञा मोडून ती छापविली, आणि जागतिक साहित्याच्या इतिहासात त्याचे नाव त्यासाठी राहिले. बी. रघुनाथ यांची ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. म्हणजे १९५३ च्या सप्टेंबरनंतर कोणीतरी ते कागद गोळा केले असणार, तारखा लावल्या असणार, अक्षर लावले असणार, खोडलेल्या ओळी आणि ठेवलेल्या ओळी वेगळ्या केल्या असणार, आणि लेखक हयात नसताना, काही विचारण्याची सोय नसताना, ते शेवटच्या पानापर्यंत वाचले असणार.